मागच्या डाव्या चाकातली बेअरिंग

मी एक जुनी बेअरिंग आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखलं नसेलच. ट्रक सगळ्यांना दिसतो, त्याचं चाकही दिसतं. पण त्या चाकाच्या पोटात, अंधारात बसून ते सुरळीत फिरवणारी मी कुणाच्या नजरेला पडत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सेवा करावी ती गाजावाजा न करता.

कारखान्यात मला तापवलं, थंड केलं, घासून चकचकीत केलं आणि तेलकट कागदात गुंडाळून पाठवून दिलं. एका ट्रकवाल्या बाबांनी मला मागच्या डाव्या चाकात बसवलं. लोकांची घरं हलवणं हा त्यांचा धंदा. कपाटं, पलंग, कुणाचा पाळणा, कुणाचं शिलाई मशीन, सगळ्यांचा भार मी माझ्या रोलरांवर घेतला. अकरा वर्षं नेमाने फिरले, कधी हूं की चूं केलं नाही. बाबा बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "गुणाची आहे माझी गाडी." त्या थापेतला थोडा वाटा आपलाही, असं मी मनाशी समजून घ्यायची.

गेल्या वर्षी बाबांची लेक ट्रक चालवायला शिकू लागली. त्या काळजीने बाबांनी अंगणातच चाकं उघडली, मला नवं ग्रीस भरलं आणि पान्याला लांब पाइप लावून माझा नट असा आवळला, की माझा श्वासच कोंडला. मित्रांनो, आम्हाला फिरायला केसभर मोकळीक लागते. ती मिळेना, म्हणून मी तापू लागले. आधी नुसती गुणगुणले, मग घुमू लागले.

"अहो, डावीकडून काहीतरी घुमतंय," लेकीची आई शेजारी बसून म्हणायची.

"टायरचा आवाज आहे तो. तुझे कान भारी तिखट," बाबा हसण्यावारी न्यायचे.

मग लेकीने एकटीने घाटापलीकडे सामान न्यायचं ठरलं. ही तिची पहिलीच खेप. आदल्या दिवशी सकाळी आईचं ते घुमण्याचं बोलणं आठवून बाबांनी जॅक काढला. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागचं डावं चाक उतरवलं, ब्रेकचा गोल ड्रम ओढून काढला आणि मला बाहेर घेतलं. लेकीने मला रॉकेलमध्ये धुतलं आणि उजेडात धरलं. माझे रोलर निळे पडले होते.

"बाबा, ही तापून जळलीये. ग्रीस तर भरपूर आहे. एवढी आवळली कुणी?"

बाबा ठोकळे नीट करत बसले. उत्तर आईनेच दिलं, "दुसरं कोण? यांच्या मायेला मापच नाही."

नवी बेअरिंग बसली. लेकीने एका हाताने ड्रम फिरवत नट आवळला. बाबांचा हात सवयीने पाइपकडे गेला.

"घाट आहे, पोरी. थोडं घट्ट असलेलं बरं. आणि मी येतोच की बरोबर."

"घट्ट करून मग जरासा सोडायचा असतो नट. तुम्हीच सोडा," लेक पाना पुढे करत म्हणाली. "आणि तुम्ही शेजारी बसलात, तर मी एकटी कधी जाणार, बाबा?"

बाबांनी पाइप बाजूला ठेवला. मग त्यांनी पाना घेतला आणि नट थोडासा सोडला. लेकीने एका बोटाने ड्रम फिरवला. तो कितीतरी वेळ फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. आईने मला पुसून खिडकीत ठेवलं होतं, तिथून मला सगळं दिसत होतं. बाबा फाटकाशी उभे होते.

"काही घुमतंय का गं?"

"काही नाही. आता आत या, चहा निवतोय," आई म्हणाली.

बाबा आत आले खरे, पण दिवसभर त्यांचं लक्ष रस्त्याकडेच होतं. संध्याकाळी ट्रक परतला. बाबांनी आधी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली वाकून चाकाच्या मध्यावर. चाक नुसतं कोमट होतं. त्यांचा चेहरा निवळलेला मी पाहिला.

मित्रांनो, मी बाबांवर रुसलेली नाही. मला जाळलं तेही मायेनेच. यंत्र असो की माणूस, त्याची कुरकुर बारीक असते तेव्हाच ऐका आणि जीव लावताना आवळू नका. माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.