आपण म्हणजे कोण

तिने ‘पुढचा आक्षेप’ असं टाइप केलं आणि खुर्चीवरच मांडी घातली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दुपारी कुणी फिरकत नसे. भिंतीपलीकडे नवरा एका आजोबांच्या दाढेशी झटापट करत होता, आणि अलीकडे ही एआयशी भांडत होती. उद्या तिच्या पीएचडीची तोंडी परीक्षा. बाहेरून येणारे परीक्षक भल्याभल्यांना पाणी पाजणारे, म्हणून तिने एआयला बजावलं होतं, की तू म्हणजे तेच आहेस असं समज आणि माझी अजिबात गय करू नकोस. त्याने ते इतकं मनावर घेतलं, की ती त्याला खडूस म्हणू लागली.

प्रबंध एका शब्दावर होता. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. ‘आपण’ म्हणणारा स्वतःही त्यात अडकतो. काम दुसऱ्याचं असलं, तरी त्याचा थोडा भार त्याच्याही अंगावर येतो. सगळा डोलारा याच मुद्द्यावर उभा होता. हा पडला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

खडूसचं उत्तर आलं.

“दंतवैद्य पेशंटला म्हणतो, ‘आपण ही दाढ काढून टाकूया.’ दाढ किती जणांची जाते?”

तिला हसूच फुटलं. याच्याकडे चहाडी कुणी केली, कोण जाणे. पलीकडून नेमकं तेच वाक्य ऐकू येत होतं. आजोबा गेल्यावर तिने नवऱ्याला गाठून विचारलं, की तू असं का म्हणतोस.

“‘मी काढतो’ म्हटलं की लोक तोंड मिटतात,” तो हात पुसत म्हणाला. “‘आपण’ म्हटलं की उघडतात.”

तिने धावत जाऊन ते टाइप केलं. खडूसने तेही उलटवलं. मग ही तर नुसती युक्ती झाली, दुखतं पेशंटला आणि डॉक्टर घरी जाऊन मजेत जेवतो. म्हणणारा खरोखर त्यात अडकलाय, असं बोलण्यातलं एक तरी वाक्य दाखवा.

तिने पोराला औषध पाजणारी आई पुढे केली. आई काही ते औषध पीत नाही, असं उत्तर आलं. खेळाडूंचा प्रशिक्षक काढला, तर जिंकल्यावर सगळेच ‘आपण’ म्हणतात. प्रत्येक टोल्यासरशी तिचा मुद्दा मात्र नेमका होत गेला; दोन लंगडी उदाहरणं तिने आपणहून काढून टाकली. कान गरम झाले, जेवणाचं भान राहिलं नाही, आणि कित्येक महिन्यांत आली नव्हती एवढी मजा आली. फक्त ते एक वाक्य काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने न सांगताच नवऱ्याने दवाखाना बंद ठेवला. परीक्षेच्या खोलीबाहेर ती येरझाऱ्या घालत ओठांतल्या ओठांत उत्तरं घोळवत होती, कधी एकदा आत जाते असं तिला झालं होतं. तो बाकावर बसला होता. लोकांच्या दाढा बिनधास्त उपटणारा हा माणूस पाण्याच्या बाटलीचं झाकण सारखं उघडत होता आणि न पिताच परत लावत होता. कारकून बाहेर आला तसा तो ताडकन उठला.

“आपल्याला आत कधी बोलावतील?” त्याचा आवाज चिरकला.

कारकुनाने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं.

“परीक्षा नक्की कुणाची आहे?”

तो ओशाळून तिच्याकडे बोट दाखवू लागला. ती जागच्या जागी थांबली होती, त्याच्या कोरड्या ओठांकडे एकटक बघत. तेवढ्यात दार उघडलं आणि आतून बोलावणं आलं.

“दोघांची,” ती कारकुनाला म्हणाली, आणि जवळजवळ पळतच आत गेली.