पाहुण्याला काय बघायचंय

"तारांगिरेला ऑगस्टमध्येच जायला हवं," अमिनिएल उरासा टेबलावर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला. "त्याआधी हत्ती नदीवर उतरत नाहीत. मे महिन्यात गवत छातीएवढं असतं. गवतात काय बघणार तू? गवत?"

नामसिफू समोर बसून घेवड्याचे दाणे निवडत होती. परातीतले खडे हल्ली तिला डोळ्यांआधी बोटांनी कळत. "आपल्या गाईला गवत आवडतं," ती म्हणाली. "येताना एक भारा घेऊन येऊ."

"अभयारण्यातली काडीसुद्धा उचलायची नसते, मांकाची आई."

"मग काय उपयोग त्याचा!"

नकाशाची टोकं सारखी वर वळत होती. एका टोकावर त्याने चहाचा कप ठेवला होता, दुसऱ्यावर तिच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, आणि उरलेल्या दोन टोकांवर दोन कच्ची केळी. अरुशाजवळच्या तेंगेरू गावातल्या त्या घरात केळ्यांना काही कमी नव्हतं. मागच्या दारातून केळीची बाग थेट स्वयंपाकघरात डोकवायची.

अमिनिएलने जन्मभर एका सफारी कंपनीच्या जीपमधून परदेशी पाहुण्यांना जनावरं दाखवली. नोकरी संपली त्याच महिन्यात मोशी शहरातल्या डॉक्टरांनी नामसिफूच्या डोळ्यांत बॅटरी मारून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जमेल तितके दिवस धरून ठेवू, असं ते म्हणाले. बसने घरी आल्या आल्या त्याने कपाटावरचा नकाशा खाली काढून झटकला. जगभरच्या लोकांना ज्याने सिंह दाखवले, त्याच्या बायकोने सिंह फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. ही गोष्ट त्याला तोवर कधी खटकली नव्हती आणि आता ती दाढेत अडकलेल्या काडीसारखी सलत होती.

"ऑगस्ट लांब आहे," नामसिफू म्हणाली. आवाज साधाच होता, दाणे निवडणंही चालूच होतं.

त्याने नकाशावरचं बोट उचललं. गवत काय, पुढच्या वर्षीही वाळेल. "मेमध्येच जाऊ," तो म्हणाला. "पाऊस संपता संपता. पाहुण्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला नसतो, कंपनी जुनी गाडी देईल. तारांगिरे, मग गोरोंगोरोचं विवर, मग सेरेंगेटी. सेरोनेरा नदीकाठी बिबट्या मी तुला दाखवणारच."

"आज तुम्ही जेवढं बोललात तेवढं आपल्या लग्नातही बोलला नव्हतात."

"लग्नात तुझे मामा बोलू देत होते का? पारे लोक तुम्ही. एका कोंबडीसाठी खटला भरणार आणि खटला लढवायला गाय विकणार."

"आणि चाग्गा माणूस मेला की नाही ते बघायला त्याच्या कानाशी नाणं वाजवतात," नामसिफू म्हणाली. "उठून बसला तर पुरायचा नाही."

चाग्गा आणि पारे या शेजारच्या दोन जमातींनी एकमेकांची अशी टर उडवायची ही वाडवडिलांपासूनची रीत, आणि या घरात तर ती चुलीसारखी रोज पेटायची. त्या दिवशी मात्र अमिनिएलचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. ती हसत होती, पण हसताना त्याच्या थोडं डावीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो अरुशातल्या कंपनीच्या कचेरीत गेला. पाहुण्यांच्या सहली आखण्याचं काम तिथे उपेंदो नावाची तरुणी करायची. काही वर्षांपूर्वी नवखी म्हणून आली तेव्हा कुठल्या महिन्यात कुठला रस्ता चिखलात जातो, हे तिला अमिनिएलनेच शिकवलं होतं.

"शिकामो, म्झे," वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार करत ती उठून उभी राहिली.

"मराहाबा. बस, बस. मे महिन्याची एक सहल आखायचीय."

"मालकांनी सांगितलंय मला. गाडी तुमचीच, लॉजवाल्यांशीही बोलून ठेवते." तिने कीबोर्ड पुढे ओढला. "पाहुणे किती?"

"एक. आमची मंडळी."

उपेंदोचा चेहरा खुलला. "अरे वा! आणि पाहुण्याला काय बघायचंय?"

"काय म्हणजे? सिंह, हत्ती, बिबट्या. सगळे बघतात तेच."

"असं नाही चालायचं," ती हसत म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना मला? रस्ता नंतर, आधी पाहुण्याला विचार. कुणाला पक्षी हवे असतात, कुणाला नुसतं झाडाखाली बसायचं असतं. न विचारता आखलेली सहल म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट. हे कुणाचे शब्द?"

शब्द त्याचेच होते. गाडीत बसलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला पहिला डोंगर चढायच्या आत त्याने हे विचारलेलं होतं. घरी मात्र त्याला हे विचारायचं सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. "विचारून सांगतो," असं पुटपुटून तो तिथून निघाला.

संध्याकाळी नामसिफू गोठ्यात गाईपुढे केळीच्या खोडाचे तुकडे टाकत होती. तुकडे करायचं काम आता अमिनिएलकडे आलं होतं, कारण कोयता तिच्या हातात बघवत नसे.

"काय गं," तो खोड तोडता तोडता म्हणाला, "तिकडे तुला काय बघायचंय?"

"तुम्ही दाखवाल ते."

"तसं नाही. तुला स्वतःला काय बघायचंय?"

तिने हातातला तुकडा गाईपुढे टाकला. गाईने मान वर करून दोघांकडे बघून घेतलं.

"तुम्ही कुठे असायचात ते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नाताळात तुमच्या चाग्गांचा अख्खा डोंगर माणसांनी भरायचा. दार-एस-सलामहून, मवान्झाहून, कुठून कुठून चाग्गा लोक गावी यायचे, आणि आमचा चाग्गा पाहुणे घेऊन सेरेंगेटीत. पोरं विचारायची, बाबा आता काय करत असतील? मी सांगायची, जेवत असतील. पण कुठे बसून जेवत असतील ते माझ्या डोळ्यांसमोर कधी यायचंच नाही. सिंहाच्या शेजारी बसवू तुम्हाला? तुमची खाट कुठली, ताट कुठलं, मला काही ठाऊक नाही." तिने हात झटकले. "डोळे गेले की मी आत जे साठवलंय तेवढंच मला दिसणार. सिंह घेऊन काय करू मी? माझ्या आत तुम्ही अर्धेच आहात."

अमिनिएल हातात कोयता घेऊन तसाच उभा राहिला. त्याला लॉजच्या मागची ड्रायव्हर लोकांची ती खोली आठवली. पत्र्याचं छप्पर, जनरेटरची घरघर, एकावर एक रचलेल्या खाटा, खिळ्यांना टांगलेले ओले मोजे. त्यात बायकोला नेऊन दाखवायचं काय?

"तिथे बघण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"बरं," नामसिफू म्हणाली, आणि पुन्हा त्या विषयाचं नाव तिने काढलं नाही.

त्याने उपेंदोला फोन करून सांगितलं, पाहुणीला बिबट्या बघायचाय. आणि लॉजमध्ये खोली दरीकडे तोंड असलेलीच हवी.

मे महिन्याच्या शेवटी ते निघाले. नामसिफूने केळी घालून केलेल्या मटणाचा डबा घेतला होता आणि ती चर्चला जाताना नेसायचं कितेंगे नेसली होती. ती पुढच्या सीटकडे वळली तेव्हा अमिनिएलने मागचं दार उघडलं.

"पाहुणे मागे बसतात. वरचं छप्पर उघडतं तिथे. मागूनच चांगलं दिसतं."

"मला पुढे बसायचंय."

"ऐक माझं. मी जन्मभर हेच केलंय."

ती मागे बसली. तो पुढच्या आरशातून तिला बघत राहिला, जसा तो सगळ्या पाहुण्यांना बघायचा. तारांगिरेत गवत खरंच छातीएवढं होतं, तरी एक हत्तीण पिल्लाला घेऊन अगदी रस्त्यावर आली. नामसिफूने हात जोडले. "केवढी आहे बाई! हिला घालायचं काय खायला?" विवरात सिंह भेटला. गाडीच्या सावलीत येऊन तो पसरला आणि झोपला. "कॅलेंडरवरचा जास्त कामसू होता," ती म्हणाली. अमिनिएल खदखदून हसला आणि त्याला वाटलं, जमलं. वेळेवर आणलं आपण हिला.

मग सेरेंगेटी. सिम्बा म्हणजे सिंह एवढं आता पाहुण्यांनाही कळतं, म्हणून ड्रायव्हर लोक गाडीतल्या रेडिओवर एकमेकांशी बोलताना सिंहाला मिशाळ म्हणतात आणि बिबट्याला ठिपक्या. दुपार कलताना रेडिओ खरखरला, "ठिपक्या, नदीकाठी, मोठ्या बाभळीवर." अमिनिएलने गाडी अशी पळवली की मागचा डबा आडवा झाला. बिबट्या होता. आडव्या फांदीवर पोट टेकून चारी पाय खाली सोडलेले, शेपटी लोंबत होती. एवढा समोर तो क्वचितच मिळतो.

"ती दुसरी फांदी बघ," तो कुजबुजला. "खोडाजवळून सुरू कर, हळूहळू उजवीकडे ये. शेपटी दिसली?"

नामसिफू उघड्या छपरातून उभी होती. तिने मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवली.

"हो," ती म्हणाली. "दिसला की. छान आहे हो."

अमिनिएलने खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. न दिसता दिसलं म्हणणारे पाहुणे त्याने खूप पाहिले होते. बिचाऱ्यांना वाटतं, ड्रायव्हर एवढी धडपड करतोय, त्याला वाईट नको वाटायला. नामसिफू झाडाच्या शेंड्याकडे बघत होती, बिबट्या खालच्या फांदीवर होता.

"छान आहे ना?" तो म्हणाला.

"फारच छान."

त्याने गाडी सुरू केली. लॉजपर्यंत त्याला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता. उशीर झाला होता. एक वर्ष, दोन वर्षं आधी, केव्हाही आणता आलं असतं हिला, आणि तेव्हा आपण कुणाकुणाला बिबटे दाखवत हिंडत होतो, असं त्याच्या मनात फिरत राहिलं.

लॉजच्या दारात पोरी ओले रुमाल आणि फळांचा रस घेऊन उभ्या होत्या. अमिनिएलने सामान उतरवलं, नामसिफूला हाताला धरून पायऱ्या चढवल्या, खुर्चीत बसवलं आणि तिथल्या मुलीला सांगितलं, "पाहुणीला जपा. जिना दाखवून द्या, डोळ्यांनी कमी दिसतं." मग गाडी मागे नेली, काचा पुसल्या, चाकांना अडकलेलं गवत काढलं, आणि पत्र्याच्या खोलीसमोरच्या नळावर तोंड धुतलं. आत जुने सोबती जेवायला बसले होते. त्याला बघताच आरडाओरडा झाला. कुणीतरी पुढ्यात मक्याच्या पिठाच्या उगालीचं ताट सरकवलं, कुणीतरी जागा केली. बाहेर अंधारून आलं, कंदील लागला. मनावरचं ओझं उतरवायला माणूस जे करतो तेच त्याने केलं. एका परदेशी पाहुणीच्या हातातलं सँडविच पळवणाऱ्या माकडाची गोष्ट सुरू केली. पाहुणीचा आवाज काढला, माकडाचा काढला, तिच्या नवऱ्याचाही काढला. पाचसहा जण पोट धरून हसत होते.

हसणं एकदम थांबलं. सगळे दाराकडे बघत होते.

नामसिफू चौकटीला हात लावून उभी होती. तिच्या कितेंग्याच्या काठाला चिखल लागला होता आणि तळव्याला भिंतीचा चुना. मागे लॉजमधली मुलगी कावरीबावरी झाली होती. "मी सांगत होते, जेवण तिकडे मांडलंय म्हणून," ती म्हणाली. "पण या म्हणाल्या, भिंत धरून गेलं की सापडतील."

तेव्हा कुठे अमिनिएलच्या ध्यानात आलं. बायकोला पाहुण्यांसारखी लॉजच्या हवाली करून, नेहमीसारखा, तो मागे आला होता. त्याचे कान तापले. तो धडपडत उठला.

"मांकाची आई, मी... सवयीने गं. चल, तिकडे जाऊ. इथे तुला बसायलाही..."

"शिकामो, आई," सगळे ड्रायव्हर उभे राहून म्हणाले.

"मराहाबा, बाळांनो. बसा, जेवा." तिने खोलीभर नाक फिरवलं. धूर, डिझेल, ओले मोजे. "हाच का तो, जो एवढा बोलत होता?"

"रेडिओ ना?" एक जण म्हणाला. "आम्ही त्यांना रेडिओच म्हणतो, आई. एकदा सुरू झाले की बंदच होत नाहीत."

"असं?" नामसिफू म्हणाली. "आमच्या घरी आला की दमून झोपायचा हो हा रेडिओ."

सगळे हसले. अमिनिएलला हसू येईना. एकाने खोकं पालथं घालून तिला बसायला दिलं. ती त्याच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि त्याच्याकडे बघू लागली. मान हळूच इकडे, मग हळूच तिकडे. आधी कपाळ, मग एक डोळा, मग तोंड, मग ताटातला हात. एका वेळी तेवढंच मावत होतं तिच्या नजरेत.

"तुमची खाट कुठली?" तिने विचारलं.

"ती. कोपऱ्यातली, खालची."

तिने उठून खाट चाचपली, उशी दाबून बघितली. खिडकी कुठे आहे ते बघितलं आणि पुन्हा येऊन बसली.

"तो कंदील जरा यांच्याजवळ सरकवा रे," ती म्हणाली. "आणि तुम्ही का थांबलात? त्या माकडाने सँडविचचं पुढे काय केलं?"

अमिनिएलने घसा साफ केला. गोष्ट तशी छोटीच होती. त्याने ती जमेल तेवढी लांबवली.