झिंगलेलं पाणी

विष आणि नशा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि ते नाव तिला शोभतही होतं. तिथली मुख्य रसायनतज्ज्ञ तिची सख्खी मावशी. घरी ‘मावशी’, इथे मात्र ‘बाई’, असा कडक नियम.

आज परीक्षा होती. पास झाली तर खरी प्रकरणं हातात येणार. नाहीतर पुन्हा काचेच्या नळ्या घासायच्या.

मावशीने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. “सरावाचे नमुने आहेत. कशात दारू आहे, सांग.”

घाईबाईने हाताला भरपूर सॅनिटायझर चोळलं, ओल्या हातांनीच कुप्या भरल्या आणि यंत्रात लावल्या. पडद्यावर तिन्ही आलेखांत दारूचं टोक वर आलं. ती नाचतच मावशीकडे गेली.

“तिघंही प्यायलेत, बाई! तिसरा जरा बेताने.”

“तिसऱ्या बाटलीत मी नळाचं पाणी भरलंय गं,” मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली. “पाणी कधीपासून प्यायला लागलं?”

यंत्र सांभाळणारे काका फिसकन हसले. “तरीच सकाळी नळाला डुलत डुलत आलं!”

“यंत्रच बिघडलंय,” घाईबाई म्हणाली.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” काकांनी टोमणा मारला.

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ देते,” मावशी म्हणाली. “पाण्याला कोणी पाजली, ते शोध.”

घाईबाईने साध्या पाण्याने हात धुतले, कोरडे केले आणि नळाचं पाणी नव्या कुपीत भरून लावलं. आलेख सपाट. म्हणजे यंत्र शहाणं होतं. मग मघाशी वेगळं काय केलं? तिने सॅनिटायझरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला. त्यात बरीचशी दारूच! पुन्हा हात चोळून कुपी भरली. टोक दिमाखात वर.

“सापडला चोर,” ती मावशीला म्हणाली. “माझेच हात.”

“छान. पण पहिल्या दोन बाटल्यांत मी खरंच दारू घातली होती. ते तरी बरोबर आलं ना?”

‘हो’ म्हटलं की सुटका होती.

“नाही. त्याही याच हातांनी भरल्या. त्यातली तुमची किती, माझी किती, कोण सांगणार? तिन्ही निकाल रद्द. मी नापास, मावशी.”

“बाई म्हण.” मावशीने कपाटातून मोहोरबंद बाटली काढली. “ही एका बसचालकाच्या नमुन्याची. याची नोकरी हिच्यावर अडलीय. उद्या तू तपासायचीस.”

घाईबाई बघतच राहिली. “आईला सांगू?”

“मी सांगते. तू घाईत पाण्याची गोष्ट गाळशील.”