काचेच्या कपाटातला ठोका

मी एक जुना मेट्रोनोम आहे, मित्रांनो. म्हणजे ताल धरणारं, चावीवर चालणारं यंत्र. अंग लाकडी, पोटात स्प्रिंग, समोर पोलादी काडी आणि तिच्यावर सरकणारं वजन. वजन वर सरकवलं की मी सावकाश टकटक करतो, खाली आणलं की भरभर. एवढं साधं आहे. तरी ज्या शहाण्याला ते कळलं नाही, त्याच्यामुळे मी आज कपाटात बसून आहे, आणि खरं सांगतो, मला त्या माणसाची शिसारी येते.

तरुणपणी मी पियानो शिकवणाऱ्या एका बाईंकडे होतो. मुलं मला बघून तोंडं वाकडी करायची. एकाने तर माझ्या काडीला च्युइंगम चिकटवलं होतं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पोरगं निदान प्रामाणिक होतं.

बाई थकल्या तेव्हा त्यांची भाची मला घेऊन गेली. ती मेंदूच्या आजारांच्या दवाखान्यात रुग्णांना चालायला शिकवायची. सगळे तिला ताई म्हणायचे. काही आजारांत पायांत बळ असतं, पण पाऊल टाकायचा हुकूम मेंदूकडून वेळेवर सुटत नाही. बाहेरून ठोका मिळाला तर काहींचा पाय त्याच्याबरोबर उचलला जातो. आजार बरा होत नाही हो, ताई कुणाला तसं खोटं सांगायचीही नाही. तिचा नियम एकच होता. आधी माणसाची चाल मोजायची, मग माझं वजन लावायचं.

एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी, चाळीस वर्षं पायमशीन चालवलेले. आता दार दिसलं की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. सोबत लेक असायची. ती औषधं आणायला गेल्यावर ते हळूच ताईला म्हणाले, "मला काही पळायचं नाही. फक्त संडासाला एकट्याने जाता आलं पाहिजे. लेकीने धरून न्यायचं, दार उघडं ठेवून उभं राहायचं... शी! मेल्याहून मेल्यासारखं होतं हो."

ताईने त्यांची चाल मोजली, वजन लावलं. मास्तरांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि माझ्या काडीमागच्या आकड्यांच्या पट्टीवर रेघ मारली. "हे माझं माप," ते म्हणाले. लेक रोज कोपऱ्यात बसून ऐकायची. तीन आठवड्यांत मास्तर माझ्या ठोक्यावर दार ओलांडू लागले.

मग दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात 'संगीत उपचार कक्ष' शिरला. उद्घाटन, पाहुणे, कॅमेरे! साहेबांनी मला टेबलावर मांडलं, सेंटचा भपकारा मारणाऱ्या रुमालाने पुसलं आणि "हा कसला डाग?" म्हणत मास्तरांची रेघही पुसून टाकली. वजन सरळ तळाशी ढकललं. "जरा जोरात हलू दे, कॅमेऱ्यात उठून दिसेल." ताई तेव्हा पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेली होती. कॅमेऱ्यासमोर चालून दाखवायला मास्तरांना उभं केलं होतं. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकलं. मी भरभर बडबडत होतो. मला स्वतःला थांबवता येत नाही, मित्रांनो. तिसऱ्या पावलाला ते तोंडावर पडले.

त्यांचा ओठ फुटला. आणि साहेब कॅमेरावाल्याला म्हणाले, "एवढं कापून टाका. पेशंटच कच्चा निघाला." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मला आतडी असती तर मी तिथेच ओकलो असतो.

ताई भांडली. साहेबांनी "आता ही शोभेची वस्तू" असं म्हणून मला काचेच्या कपाटात घातलं आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. दर सोमवारी साहेब कपाट उघडून मला पॉलिश करवतात, चावी मात्र कोणी देत नाही. स्पीकरमधून दिवसभर एकच गिळगिळीत, झोपाळू सूर पाझरतो. गाण्याशी माझं वैर नाही. पण सगळ्या आजारांना एकच काढा? आणि या काढ्याला तर ठोकाच नाही! ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

माझं कपाट संडासाच्या दाराशेजारीच आहे. काल मास्तर आले आणि दारात खिळले. लेकीने धरायला हात पुढे केला. त्यांनी मान फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसताच चकाकत उभा! स्वतःचीसुद्धा किळस आली मला.

तेवढ्यात लेकीने हात मागे घेतला. मास्तरांच्या खिशातलं शिवणाचं अंगुस्तान, ती धातूची टोपी, काढलं, बोटात घातलं आणि चौकटीवर वाजवलं. टक. टक. टक. अगदी त्या पुसलेल्या रेघेवरचा ठोका! "चला बाबा, तुमचंच माप आहे." मास्तरांचं पाऊल उचललं. दुसरं उचललं. ते आत गेले, दार लागलं आणि आतून कडी सरकली. लेक बाहेर भिंतीला टेकून रडत होती आणि ठोका देत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मला जपलंय, आणि त्या जपण्याचा मला वीट आलाय. मला चावी द्या, वापरा, झिजवा. आणि फडकं फिरवण्याआधी एवढं विचारा, ही रेघ कुणाची आहे?