शेळीच्या नावावर

धाकटी जाऊ जास्वंदीचे शेंडे खुडत होती. थोरली घागर घेऊन येता येता थांबली.

"अगं, वेड लागलंय का तुला? वाढत्या झाडाची मुंडी कशाला मुरगळतेस?"

"वरचा शेंडा काढला की बाजूनं फुटवे येतात, ताई. झाड दाट होतं."

"होईल हो दाट. खराट्यासारखं."

दोघींची झाडं एकाच फांदीची. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा सासूने आपल्या जुन्या जास्वंदीची फांदी तोडली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन सुनांच्या हातात एकेक दिला. अंगण एकच राहिलं. दोन दारांशी दोन झाडं, मध्ये सासूची खुर्ची.

थोरलीने आपल्या झाडाला कुणाला नख लावू दिलं नाही. शेणखत घातलं, भांडी विसळलेलं पाणी घातलं. झाड सरळसोट वर गेलं, पत्र्याला टेकलं आणि कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी त्याने एक फूल धरलं. खाली नुसती काठी. धाकटीचं झाड कमरेएवढंच राहिलं, पण असं पसरलं की आत घातलेला हात कोपरापर्यंत दिसेना. फुलं तर बसल्या जागेवरून तोडावीत.

सासूची खुर्ची हळूहळू तिकडे सरकू लागली. मातीत खुर्चीच्या पायांचे ओरखडे उमटत. झाडताना ते थोरलीला रोज दिसत.

"आई, तिकडे ऊन येतं."

"येऊ दे. इकडं बघायला बरं वाटतं."

थोरली ते वाक्य दिवसभर चावत राहिली. या घरात पहिली आली ती. सासूच्या आजारपणात उशाशी बसली ती. सासूच्या शिव्याही पहिल्यांदा तिनेच खाल्ल्या. आणि काल आलेलीकडे बघायला बरं वाटतं!

त्यात धाकटीच्या वडिलांचा पाय मोडला आणि ती माहेरी निघाली. पिशवी उचलता उचलता म्हणाली, "ताई, झाडाला पाणी तेवढं घाला. आणि शेंडे..."

"घालते गं पाणी. निघ आता, गाडी जाईल."

पाणी तिने रोज घातलं, कारण सासू बघत होती. एका दुपारी सासूला खुर्चीतच डुलकी लागली. थोरली झाडाशी गेली. एकेक शेंडा धरला आणि कळीसकट मोडला. एक सोडला नाही. ओटीत भरून सगळे अंगणाच्या कोपऱ्यात बांधलेल्या शेळीपुढे टाकले.

सासू जागी झाली. "हे काय गं झालं?"

"शेळी सुटली होती, आई. सगळं ओरबाडलं बघा." बोलणं खरं वाटावं म्हणून तिने शेळीला दोन रट्टेही घातले.

दीड-दोन महिन्यांनी धाकटी परत आली तेव्हा झाड अंगणात मावत नव्हतं. मोडलेल्या प्रत्येक जागी दोन-दोन, तीन-तीन फुटवे आणि फुटव्यावर कळ्या. ती पिशवी हातात धरून उभीच राहिली.

"कुणी खुडलं हे? निघायच्या गडबडीत माझं राहून गेलं होतं. तिकडे जीव टांगणीला लागला होता, झाड नुसतं उंच सुटेल म्हणून."

"शेळीनं खाल्लं," सासू म्हणाली.

"शेळी कसली, आई! शेळी अशी बरोबर पानाच्या वर तोडते होय? एकही फांदी फाटलेली नाही. जाणत्याचा हात आहे हा."

थोरली दारात सूप घेऊन उभी होती. गप्प बसली असती तर निभावलं असतं. पण या घरात आधीच सगळं कौतुक एकीकडे चाललेलं; उरलेलं शेळीने न्यावं, हे तिला सोसवेना.

"मी खुडलं," ती म्हणाली.

सासूने खुर्चीतूनच मान वळवली. "मग त्या मुक्या जनावराला का बडवलंस गं?"

धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं आणि उगाचच पिशवीची गाठ सोडू लागली.

थोरलीने सूप खाली ठेवलं. आतून स्टूल आणि विळा आणला, स्टूल आपल्या झाडाखाली ठेवून विळा घेऊन वर चढली. परक्या झाडावर सरसर चाललेला हात इथे अडला. शेवटी तिने फुलाखालचा देठ धरला.

"आणखी खाली, ताई," धाकटी मान वर न करता म्हणाली. "छातीएवढं ठेवा."

"तू गप बस. कळतं मला."

हात मात्र खाली सरकला. एका घावात झाड निम्मं झालं. थोरली उतरली आणि तोडलेला शेंडा तिने शेळीपुढे नेऊन टाकला.

शेळीने आधी फूल खाल्लं.