नूतनने मला गवतात टाकलं तो दिवस

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चौकातला घोडेस्वार आला असेल, तर त्याला आधी खाली उतरवा. मला घोडा नाही, तलवार नाही, हात नाहीत आणि कमरेच्या खाली तर काहीच नाही. मी रबराचा आहे. चौकातल्या पुतळ्याला जयंतीला हार मिळतो. माझ्या छातीवर मात्र कोणी ना कोणी दोन्ही तळहात ठेवून, अंगातला सगळा जोर काढून दाबत असतं. माझं नाव मोरू.

माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर त्याची छाती जोरजोरात आणि भराभर दाबत राहावं लागतं, म्हणजे रक्त फिरत राहतं. मधूनमधून तोंडावर मास्क धरून फुग्याने हवा भरायची असते. हे चांगल्या धडधाकट माणसावर शिकता येत नाही, त्याच्या बरगड्या मोडतील. म्हणून शिकणाऱ्यांच्या हाती मला देतात. दाब बरोबर पडला की माझ्या पोटातली स्प्रिंग 'टक्' करते. तेवढी एकच शाबासकी मला देता येते, पण ती मी उगाच कोणाला देत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी अलिबागला आलो. थळच्या रस्त्यावर एक प्रशिक्षण केंद्र आहे. ॲम्ब्युलन्सवर काम करणारे, अपघातात पहिला उपचार करणारे तंत्रज्ञ तिथे तयार होतात. खोकं उघडल्यावर एक पोरगा म्हणाला, "हा बघ, मोरू झोपलाय!" बारसं झालं. त्या वेळी मी काय देखणा होतो म्हणून सांगू! पोरं माझ्यासोबत फोटो काढायची. सर म्हणायचे, "हात धुतल्याशिवाय मोरूला शिवायचं नाही."

पुढे दिवस फिरले. पुसून पुसून माझं नाक झिजलं. केंद्रात एक नवा पुतळा आला. त्याच्या छातीत दिवे होते, आणि दाब किती पडला ते मोबाइलवर दिसायचं. नव्याची नवलाई! पोरांनी त्याच्यासमोर रांग लावली आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे पाली होत्या, धूळ होती आणि एक मोडका पंखा. पंख्याशी काय बोलणार?

मला तिथून बाहेर ओढलं ते नूतनने. माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे, नव्यासमोरची रांग फार लांब होती म्हणून. मी तिला दोष देत नाही. बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला भातशेती करणाऱ्यांचं एक गाव आहे, तिथली ही मुलगी. तिने फडक्याने माझं तोंड पुसलं, खांद्यांवर थोपटलं आणि शिकवल्याप्रमाणे ओरडली, "काका, ऐकू येतंय का? काका!"

सगळी पोरं हे वाक्य म्हणतात. पाढे म्हणावेत तसं म्हणतात. पण नूतन ते इतक्या काळजीने म्हणाली की मला खरोखर 'हो' म्हणावंसं वाटलं. त्या दिवसापासून ती माझीच झाली.

पण तिच्यात एक खोड होती. छाती दाबताना मोठ्याने आकडे मोजायचे असतात. बाकीचे 'एक, दोन, तीन' म्हणायचे. नूतन म्हणायची, "लाभ, दोन, तीन!"

वर्गात हशा पिकायचा. तिच्याबरोबर शिकणारा झियान श्रीवर्धनचा. तो तर पोट धरून हसायचा. "अगं, पेशंट वाचवतेस की भात मोजतेस?"

"आता तोंडातनं येतंच, त्याला काय करू? खळ्यावर बाबांसंगं लहानपणापास्नं मोजतेय मी. पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात."

झियान हसला तरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती मला छातीत कळायची. पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, मग ओतायची. 'लाभ' म्हटलं की नूतनचे हात आपसूक त्या मापाच्या चालीने चालायचे. भाताला ती चाल चालते. बंद पडलेल्या हृदयाला तेवढा धीर नसतो. माझी स्प्रिंग गप्प राहायची आणि नूतन कपाळावर हात मारून घ्यायची.

तरी ती पास झाली. प्रमाणपत्र हातात घेऊन तिने केंद्रभर उड्या मारल्या, मला उचलून गिरकी घेतली. पण नोकरी? ती काही प्रमाणपत्राच्या मागोमाग चालत येत नाही. नूतन रोह्याला जाऊन आली, माणगावला जाऊन आली, पनवेललाही गेली. सरावासाठी केंद्रात आली की माझ्यासमोर बसकण मारायची.

"मोरूकाका, जो तो इचारतो, अनुभव किती. पहिली नोकरीच न्हाय, तर अनुभव काय झाडाला लागतो व्हय?"

तिच्या मामाने पनवेलला एका चपलांच्या दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आई म्हणत होती, "एकदा बघ, दोनदा बघ, न्हाय जमलं तर मामाचं ऐक." चपला विकणं वाईट नाही, मित्रांनो. पण ज्या मुलीला रस्त्यात ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला तरी अंगावर काटा येतो, तिने दिवसभर लोकांचे पाय मोजायचे?

आणि मग बातमी आली! बोर्लीतल्या एका ट्रस्टने नवी ॲम्ब्युलन्स घेतली होती. तिच्यावर तंत्रज्ञाची एक जागा होती. एकच. मुलाखतीला प्रात्यक्षिक होतं, आणि त्यासाठी ट्रस्टने आमच्या केंद्राकडे पुतळा मागितला. दिवेवाला नवा नाजूक, त्याला प्रवास सोसत नाही. म्हणून मला पाठवलं! जुनं ते सोनं म्हणतात ते असं.

मुलाखतीच्या सकाळी ट्रस्टच्या ओसरीत बरीच पोरं जमली होती. झियानही होता. त्याचे वडील कुवेतला, ते त्याला तिकडे बोलवत होते. पण त्यालाही हीच जागा हवी होती. नूतनने त्याला पाहिलं आणि दोघं एकमेकांकडे बघून कसनुसं हसली. मुलाखत घ्यायला फिरोजा डॉक्टर होत्या. बारीक अंगाच्या, बोलायला थेट. शेजारी ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सिराजुद्दीनचाचा बसले होते. कारण गाडीत जोडीदार कसा मिळणार याची त्यांनाही काळजी होती.

नूतनची पाळी आली. तिने माझ्या छातीवर हात ठेवले. 'एक म्हण, पोरी, एक म्हण,' मी मनात घोकत होतो.

"लाभ!" नूतन ओरडली.

ओसरीतली पोरं फिस्सकन हसली. नूतनचे हात अडखळले. फिरोजा डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे काय?"

नूतनने मान खाली घालून खळ्यावरचं मोजमाप सांगितलं. सिराजुद्दीनचाचांचा चेहरा एकदम फुलला. "अरे वा! आमच्या वालिदांच्या दुकानात तांदूळ मोजताना बरकत म्हणायचे. बरकत, दोन, तीन!"

"लाभ म्हण, नाहीतर बरकत म्हण," फिरोजा डॉक्टर म्हणाल्या. "पण हात मंदावला, तर दोन्ही गेलं. कळलं?"

"व्हय मॅडम."

"मग आता गाडीत. नूतन आणि झियान, जोडीने. चालत्या गाडीत दाबता येतं का, ते बघू. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझं काय झालं ते कसं सांगू? आयुष्यभर मी मरत आलो आणि वाचत आलो, पण ते सगळं वर्गाच्या फरशीवर. ॲम्ब्युलन्स मी चित्रातच पाहिली होती. आणि आता मला चादर घालून स्ट्रेचरवर निजवलं, पट्टा बांधला, फिरोजा डॉक्टर बाजूच्या बाकावर बसल्या, दार लागलं, आणि चाचांनी भोंगा सुरू केला! दिवेआगरच्या रस्त्याला गाडी लागली. खिडकीतून सुपारीच्या बागा मागे पळत होत्या. प्रत्येक वळणाला मी डावीकडे, नूतन उजवीकडे. झियान एका हाताने दांडा पकडून दुसऱ्याने फुगा दाबत होता. दोघं आळीपाळीने दाबत होती. झियानचा दाब सुरेख होता, टक्, टक्, टक्, घड्याळासारखा. नूतनचाही बरा पडत होता. मी दोघांनाही मनापासून शाबासकी देत होतो. जागा मात्र एकच होती, आणि ती कोणाला मिळावी हे मला ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात चाचांनी करकचून ब्रेक दाबला. नाक्यावर पाच-सहा माणसं हात आडवे करून उभी होती.

"थांबवा, थांबवा! आवडाबाई पडल्या! बोलत न्हाईत!"

आवडाबाई नाक्यावर भाजी विकायच्या. माठाच्या जुड्यांवर पाणी मारता मारता त्या तिथेच कोसळल्या होत्या. फिरोजा डॉक्टर दार उघडून खाली धावल्या.

आता गंमत बघा. त्या वेळी झियान माझी छाती दाबत होता, आणि तो दाबतच राहिला. त्याचं फारसं चुकलं नाही. 'मी सांगेपर्यंत थांबायचं नाही,' असं त्याला बजावलं होतं आणि ते सांगायला डॉक्टर गाडीत नव्हत्या. घाबरला की माणूस ऐकलेलं शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवतो.

नूतनने मात्र माझा पट्टा सोडला. "झियान, हात काढ!" म्हणाली. मला चादरीसकट मानेला आणि कमरेला धरून उचललं, आणि दारातून बाहेर टाकलं. हो, टाकलं! ठेवलं नाही. मी रस्त्याकडेच्या गवतात आदळलो आणि दोन कोलांट्या खाऊन उताणा पडलो. मोरूकाका म्हणणारी ती पोरगी! तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

स्ट्रेचर खाली आलं. आवडाबाई वर गेल्या. दार बंद होण्याआधी मला गाडीतून आवाज ऐकू आला, "काकी, ऐकू येतंय का? काकी!" आणि लगेच, "लाभ! दोन! तीन! चार!" तो आवाज ऐकून माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ही भाताची चाल नव्हती. ही पळणाऱ्या माणसाची चाल होती. आणि हसलं कोणीच नाही.

भोंगा लांब गेला. मी राहिलो गवतात, अर्ध्या अंगावर चादर घेऊन. मग जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो. सायकलवरून एक गृहस्थ आले, थांबले, चादरीचं टोक उचलून बघतात तर कमरेखाली काही नाही! सायकल तिथेच टाकून ते जे पळाले, ते पोलीसपाटलांना घेऊनच आले. एका बाईने लांबूनच हात जोडले. एक वासरू येऊन माझा गाल चाटून गेलं. शेवटी नाक्यावरच्या चहावाल्या गणराजने वाकून माझं झिजलेलं नाक दाबलं आणि तो खो खो हसत सुटला. "अहो पाटील, रबरी हाय हा!" त्याने मला आपल्या बाकावर बसवलं आणि थट्टेने पुढ्यात चहाचा ग्लास ठेवला. मी त्या ग्लासाकडे बघत बसलो. ग्लासातला चहा निवला. माझं चित्त सगळं गाडीकडे होतं. वाचल्या असतील का?

संध्याकाळी झियान मला न्यायला आला. त्याचे डोळे लाल होते, पण तोंडावर हसू होतं. तो माझ्या शेजारी बाकावर बसला.

"वाचल्या रे मोरू. गाडीतल्या मशीनने छातीला झटका दिला, मग कण्हल्या. तोवर आम्ही दोघांनी आळीपाळीने दाबलं. मीही दाबलं, बरं का." त्याने माझ्या चादरीची घडी घातली. "जागा तिला दिली. डॉक्टर म्हणाल्या, दाब तुझा जास्त चांगला आहे, पण पुतळा तिने आधी बाहेर काढला. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण म्हणणार काय? खरं तेच आहे."

मित्रांनो, मला त्या पोराचाही अभिमान वाटला. त्यालाही पुढे म्हसळ्याच्या एका ॲम्ब्युलन्सवर काम मिळालं, आणि त्याचा दाब अजून तसाच सुरेख आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या ओसरीत नूतन मला भेटायला आली. अंगावर नवा निळा गणवेश होता. इस्त्री इतकी कडक, की तिला वाकताही येईना. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या गालावरचं खरचटलेलं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लय लागलं का हो मोरूकाका? माझ्या ध्यानातच आलं न्हाय बघा तुमचं!" आणि मग एकाएकी हसायला लागली. "नोकरी लागली मला! खरीखुरी!"

वेडी पोर! आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तिने मला हळुवार बाजूला ठेवत बसायचं ठरवलं असतं, तर तेवढा वेळ आवडाबाईंचा गेला असता.

आता मी बोर्लीतच असतो. सरांनी मला परत मागितलं नाही. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी नूतन मला शाळाशाळांतून शिकवायला नेते. आवडाबाई पुन्हा नाक्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "या पोरीनं माझी बरगडी मोडली!" आणि ऐकवता ऐकवता नूतनच्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबतात.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, आपटू नका. मी उलटंच सांगतो. मला दाबा. जोरात दाबा, भराभर दाबा, चुका, हसा, पुन्हा दाबा. माझी छाती त्यासाठीच केलेली आहे. तुमच्या घरात, तुमच्या नाक्यावर, तुमच्या शाळेत कोणाचं तरी हृदय कधीतरी थांबेल, आणि तिथे तुमचे हात सगळ्यात जवळ असतील.

आणि माझ्यावर शिकता शिकता बाहेरून कोणी ओरडलं की माणूस पडलाय, तर मला असाल तिथे टाका आणि धावा. मागे वळून बघू नका. तुम्ही परत येईपर्यंत मी कुठेही जात नाही.