दाराचं माप

मंगळवारी दुपारी पावणेतीनला यार्डातून फोन आला. बगळ्या बोलत होता. तो तिथला क्रेनवाला. मान लांब म्हणून हे नाव माझ्या बायकोनंच ठेवलेलं. "दादा, निघून या. ताईंना लागलंय," एवढंच म्हणाला. पण त्याच्या आवाजावरून कळलं, की ती गेली.

परदेशी माल पाठवणाऱ्या कंपनीत कुठला माल कुठल्या कंटेनरमधून जाईल, ते मी ठरवतो. कंटेनरला आम्ही डबा म्हणतो. बायको यार्डात मुकादम होती. माल आत घेणं, पाचरी ठोकणं, बांधणं तिच्याकडे. एकोणीस वर्षं मी कागदावर जे लिहिलं, ते तिनं डब्यात बसवलं.

त्या दिवशी बॉयलरची लांब, गोल टाकी होती, लाकडी बैठकीवर ठेवलेली. अशा मालाला उघड्या छताचा डबा घेतात. वरची ताडपत्री काढायची, क्रेननं माल आत सोडायचा. ढकलाढकल नाही, आत माणूस लागत नाही. पण तसा डबा मिळायला सहा दिवस होते आणि बोट शुक्रवारी सुटत होती. मी बंद डब्याची आतली उंची पाहिली. टाकी बैठकीसकट मावत होती, वर दोन बोटं जागा उरत होती. बंद डबा लिहून टाकला.

बंद डब्याचं दार आतल्या छतापेक्षा खाली असतं. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

लग्नानंतर मी कपाट आणलं, तेव्हाही खोली मोजली होती, दार नाही. कपाट आठ दिवस जिन्यात उभं होतं आणि शेजारी पोट आत घेऊन ये-जा करत होते. तेव्हापासून मी कुठलाही डबा ठरवला, की ती विचारायची, दार मोजलंत का. यार्डातले हसायचे. मीही हसायचो.

त्या सकाळी तिचा फोन आला. "अहो, दार मोजलंत ना? की परत कपाट?"

दुसऱ्या फोनवर बोटवाले थांबले होते. मी म्हणालो, "मोजलंय गं."

मोजलं नव्हतं. मुद्दाम खोटं बोललो असंही नाही. रोजच्या चेष्टेला रोजचं उत्तर दिलं.

पुढचं बगळ्यानं आठवड्यानंतर सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून. टाकी दाराच्या वरच्या पट्टीला अडली. माणसं म्हणाली, परत पाठवू. ती म्हणाली, "ह्यांनी दार मोजलंय. बैठकच उंच बसवली असणार. काढा ती." बैठक काढून टाकी पाचरींच्या आधारानं आत ढकलायला घेतली. ती आत उभी राहून पाचरी सरकवत होती. एक पाचर निसटली आणि टाकी तिच्या बाजूला गडगडली.

"ताईंनी तुमच्या शब्दावर काढली बैठक," बगळ्या म्हणाला. "म्हणून मीपण गप्प बसलो." मला बरं वाटावं म्हणूनच तो हे सांगत होता. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्यानं तो प्यायला नाही.

साहेबांनी चौकशीचा कागद तयार केलाय. मुकादमानं कुणाला न विचारता बैठक काढली, असं त्यात आहे. खाली माझी सही हवी. साहेब हळू आवाजात म्हणाले, की गेलेल्या माणसाला आता काय फरक पडणार, तुमची नोकरी तरी राहील.

तो कागद मुलीच्या हाती लागला. तिनं दोनदा वाचला. "बाबा, आई न विचारता काही करायची? तुम्हीच सांगा ना त्यांना." मी म्हटलं, बघतो.

काल यार्डात गेलो. तो डबा चौकशीसाठी तिथंच ठेवलाय. टेप लावून दार मोजलं. दोन मीटर अठ्ठावीस. टाकी बैठकीसकट दोन मीटर पस्तीस होती. दोन्ही आकडे लिहून चिठ्ठी खिशात ठेवली. घरी येऊन ती कपाटात, तिच्या साड्यांखाली ठेवली.

चौकशीच्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. ती चिठ्ठीही कुणाला दिलेली नाही. मुलीला सांगायचं राहिलंय.